घरच्या कार्डिओसाठी परवडणारं यंत्र कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागात घरोघरी जाऊन व्यायामाची यंत्रं जोडून देणं आणि बिघडली की दुरुस्त करणं, हा माझा व्यवसाय. काम संपून चहा समोर आला की लोक जे विचारतात, तेच इथे उतरवलं आहे. कार्डिओ म्हणजे दम लागून हृदयाचे ठोके वाढतात असा व्यायाम. माझं मत आधीच सांगून टाकतो. बजेट वीस हजारांच्या आत असेल तर जागच्या जागी चालवायची चांगली व्यायामाची सायकल घ्या, स्वस्त ट्रेडमिल घेऊ नका. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

यंत्र घ्यायलाच हवं का? बाहेर चाललं तर नाही का भागणार?

भागतं. घराजवळ चालण्यासारखा रस्ता किंवा बाग असेल आणि तुम्हाला ठरलेल्या वेळी बाहेर पडता येत असेल, तर एक रुपयाही खर्च करू नका. चांगले बूट घ्या आणि चालायला लागा. यंत्राची गरज लागते ती वेगळ्या कारणांनी. जून ते सप्टेंबर पावसाने चालणं बंद पडतं. घरात आजारी माणूस किंवा लहान बाळ असल्याने बाहेर पडता येत नाही. कामावरून यायलाच रात्रीचे दहा वाजतात. रस्त्यावर कुत्री मागे लागतात. फुटपाथ उखडलेला असतो आणि पाय मुरगळण्याची भीती वाटते. यातलं काही तुमच्या बाबतीत खरं असेल तर यंत्र उपयोगी पडेल.

खरेदीच्या आधी मी सगळ्यांना एक गोष्ट करायला सांगतो. ज्या वेळी यंत्र वापरायचं ठरवलं आहे, त्या वेळी रोज तीस मिनिटं घरातच काहीतरी करा. जागच्या जागी चाला, सोसायटीचा जिना चढा-उतरा, सूर्यनमस्कार घाला. असे तीन आठवडे निघाले तर ती वेळ तुमची झाली असं समजा आणि खुशाल यंत्र घ्या. वेळच निघाली नाही, तर यंत्र आणून ती निघणार नाही.

किती व्यायाम पुरे होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असावा. म्हणजे मध्यम व्यायाम असेल तर आठवड्यातले पाच दिवस किमान तीस-तीस मिनिटं. ती सलग काढायलाच हवीत असंही नाही. सकाळी दहा आणि संध्याकाळी वीस केली तरी चालतात.

मध्यम कसं ओळखायचं? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं की जोरकस. हृदयाच्या ठोक्यांचा हिशोब हवा असेल तर २२० मधून वय वजा करा. पन्नाशीच्या माणसाचे कमाल ठोके मिनिटाला साधारण १७० येतात आणि मध्यम व्यायामात ते ११० ते १३० च्या आसपास असावेत. मात्र रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर ती ठोके फारसे वाढू देत नाही. मग हा हिशोब लागू पडत नाही. अशांनी बोलण्याच्या खुणेवरच विसंबावं.

कोणत्या बजेटमध्ये काय मिळतं?

भाव दुकानागणिक आणि सणासुदीला बदलतात, पण साधारण अंदाज असा. पाचशे रुपयांत उड्या मारायची चांगली दोरी. हजार-दोन हजारांत एरोबिक्सची पायरी, म्हणजे चढ-उतार करायचा प्लास्टिकचा पाट. तीन ते सहा हजारांत छोटा स्टेपर, म्हणजे जिना चढल्यासारखे पाय आळीपाळीने दाबायचं यंत्र. सहा ते दहा हजारांत एअर बाइक. आठ ते पंधरा हजारांत चुंबकी सायकल. पंधरा हजारांपासून पुढे क्रॉस ट्रेनर, म्हणजे उभं राहून पायडल आणि दांडे पुढे-मागे हलवायचं यंत्र. चालण्यापुरती बरी ट्रेडमिल पंचवीस हजारांच्या पुढे आणि पळण्यासाठी हवी असेल तर त्याच्याही बऱ्याच वर.

यात एक खुबी आहे. स्वस्त यंत्रात कंपनीला खर्च कुठेतरी कापावाच लागतो. सायकलीत तो सीटच्या फोमवर, पडद्यावर आणि रंगावर कापला जातो, त्याने फारसं बिघडत नाही. ट्रेडमिलमध्ये तो मोटर, कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) आणि पट्ट्यावर कापला जातो, आणि यंत्र तर त्यांच्यावरच चालतं.

पण अठरा हजारांना ट्रेडमिल मिळतेय, त्यावर मोटर ४ एचपीची लिहिलीय. ती का घेऊ नये?

तो आकडा नीट वाचा. शेजारी बारीक अक्षरात ‘पीक’ लिहिलेलं असतं. पीक म्हणजे क्षणभर निघू शकणारी कमाल ताकद. तुम्हाला विचारायची आहे ती सलग ताकद, म्हणजे अर्धा-पाऊण तास न तापता मोटर किती ओढेल ती. पीक ४ लिहिलेल्या यंत्राची सलग ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी निघू शकते. नुसतं चालायचं असेल तर सलग दीड एचपी चालते. हळू धावण्यासाठी दोन ते अडीच लागते. रोज पळणाऱ्याने तीनच्या खाली बघू नये. विक्रेता सलग आकडा सांगत नसेल तर तिथून निघा.

लोकांना वाटतं की हळू चाललं तर मोटरला आराम मिळतो. वजनदार माणूस हळू चालतो तेव्हाच मोटरवर जास्त ताण येतो, कारण प्रत्येक पावलाला पट्टा खाली दाबला जातो आणि मंद फिरणाऱ्या मोटरला तो जोर लावून ओढावा लागतो. म्हणून यंत्राची वजनमर्यादा तुमच्या वजनापेक्षा किमान वीस-पंचवीस किलो जास्त असू द्या.

चिंचवडला एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो होतो. ट्रेडमिल चौदा महिन्यांची. मोटरचं झाकण उघडलं तर आत धुळीचा आणि केसांचा लगदा, कंट्रोलरच्या पाटीवर करपल्याचा काळा डाग. पट्टा उचलून खाली हात घातला तर बोटांना चिकट लागलं आणि खोबरेल तेलाचा वास आला. पट्टा कोरडा पडल्यावर सरांनी घरात होतं ते तेल घातलं होतं. ते चिकटलं, पट्टा जड झाला, मोटर जास्त वीज ओढू लागली आणि पाटी जळली. वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपलेली. नव्या पाटीचा खर्च आणि यंत्राची उरलेली किंमत यांत फारसा फरक नव्हता. पट्ट्याखाली फक्त सिलिकॉन ऑइल घालायचं असतं, हे त्यांना विकताना कोणीही सांगितलं नव्हतं. मला याचं खरंच वाईट वाटतं. दोन मिनिटांचं सांगणं होतं.

ट्रेडमिलच घ्यायची असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. चालण्यासाठी पट्टा किमान ४० सेंटीमीटर रुंद आणि १२० सेंटीमीटर लांब हवा. उंच माणसाने किंवा पळणाऱ्याने त्याहून मोठा घ्यावा, नाहीतर पाऊल आखडतं. दुसरं म्हणजे चढ देता येतो का ते बघा. हाताने लावायचा तीन टप्प्यांचा चढही पुरतो. हृदयाच्या तपासणीची टीएमटी आठवा, ट्रेडमिलवर चालवून करतात ती. तिचा सर्वसाधारण पहिला टप्पा ताशी फक्त २.७ किलोमीटरचा असतो, पण चढ १० टक्के. एवढ्या संथ चालीनेही ठोके वाढतात ते चढामुळे. म्हणजे गुडघ्यांवर आदळआपट न करता, न पळता दम लावायचा मार्ग चढात आहे.

वॉकिंग पॅड कसा?

वॉकिंग पॅड म्हणजे चालण्यापुरती छोटी, सपाट ट्रेडमिल. पलंगाखाली सरकतो, हा त्याचा मोठा गुण. टेबलाशी काम करताना सावकाश चालण्यासाठी ठीक आहे. पण बऱ्याच पॅडना धरायला दांडा नसतो, चढ नसतो आणि पट्टा अरुंद असतो. साठीच्या पुढच्या किंवा तोल जाणाऱ्या माणसासाठी मी तो कधीच सुचवत नाही.

सायकलींचे एवढे प्रकार आहेत. कोणती घेऊ?

सरळ बसायची चुंबकी सायकल बहुतेक घरांना पुरते. तिच्यात चुंबक चाकाजवळ येतो तसं पायडल जड होत जातं. कशालाच काही घासत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि आवाजही नाही. पहाटे पाचला चालवा, शेजारच्या खोलीत झोपलेल्याला कळणार नाही.

स्वस्त सायकलीत चाकावर नमद्याची गादी दाबून जडपणा आणतात. ती झिजते, कधी जळका वास येतो, पण गादी बदलायचा खर्च किरकोळ असतो. बजेट अगदी कमी असेल तर हरकत नाही.

एअर बाइकला हलणारे दांडे असतात, म्हणून हातांनाही काम मिळतं आणि लोकांना ती आवडते. स्वस्त एअर बाइकमध्ये बऱ्याचदा चाकाभोवतीचा पट्टा आवळून जडपणा वाढवतात. दांड्यांच्या सांध्यात प्लास्टिकचे बुश असतात. ते सात-आठ महिन्यांत कुरकुरायला लागतात. बुश बदलता येतात, फक्त ते तुमच्या गावात मिळतील का ते आधी विचारा.

स्पिन बाइक म्हणजे पुढे वाकून जोरात मारायची. चाक जड असतं आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ते मोकळं सुटत नाही, पाय थांबवले तरी पायडल फिरत राहतं. तरण्या आणि सवय असलेल्या माणसांनी घ्यावी.

मागे टेकून बसायची, पाय पुढे पसरलेले असतात ती सायकल कंबरदुखी असणाऱ्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी उत्तम. जागा जास्त खाते आणि किंमतही थोडी वर असते. आई-वडिलांसाठी घेत असाल तर तेवढे पैसे जरूर घाला.

घरात चालू अवस्थेतली साधी सायकल असेल तर मागचं चाक उचलून धरणारा स्टँड मिळतो, जडपणा देणारा. नवं यंत्र घेण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

सायकल घरी आली. जोडताना काय सांभाळायचं?

डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. हे माहीत नसल्याने किती सायकली पहिल्याच दिवशी खराब होतात! दोन्ही पायडलवर एल आणि आर कोरलेलं असतं. आर नेहमीसारखं उजवीकडे फिरवून घट्ट होतं, एल डावीकडे फिरवून. आधी हाताने चार-पाच फेरे जाऊ द्या. सहज जात नसेल तर थांबा, पाना लावू नका. जबरदस्ती केली तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे मरतात आणि मग पायडल कायम डुगडुगत राहतं.

सीटची उंची त्याहून महत्त्वाची. सायकलशेजारी उभं राहिल्यावर सीट कमरेच्या हाडाच्या पातळीला यावी. मग बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघा किंचित वाकेल. हीच योग्य उंची. कोथरूडच्या एका काकूंनी “सायकलने गुडघे दुखतात, परत घेऊन जा” म्हणून बोलावलं होतं. सीट तीन भोकं खाली होती. वर केली, दहा मिनिटं चालवून पाहिली, आणि सायकल अजून त्यांच्याच घरी आहे.

गुडघे आधीच दुखत असतील तर?

आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. साधी झीज असेल तर बहुतेक वेळा कमी जडपणावर सायकल चालते, कारण शरीराचं वजन सीटवर असतं. स्टेपर आणि दोरी टाळा.

क्रॉस ट्रेनर स्वस्तात घ्यावा का?

मी नाही म्हणेन. यंत्र म्हणून क्रॉस ट्रेनर छान आहे, पाऊल पायडलवरून सुटतच नाही, त्यामुळे सांध्यांना धक्का बसत नाही. पण स्वस्त मॉडेलची झेप, म्हणजे एका पावलाची लांबी, तीस-पस्तीस सेंटीमीटरची असते. त्यात चालल्यासारखं वाटत नाही, जागच्या जागी पाय वर-खाली केल्यासारखं वाटतं. सांधे भरपूर असल्याने कुरकुर लवकर सुरू होते. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर छोटी झेप खपून जाते. बाकीच्यांनी दुकानात किमान दहा मिनिटं उभं राहून बघावं.

रोइंग मशीन आणि स्टेपर?

रोइंगला, म्हणजे होडी वल्हवल्यासारखं ओढायच्या यंत्राला, साधारण दोन ते अडीच मीटर लांब मोकळी जमीन लागते, आणि ओढायची पद्धत चुकली तर कंबर धरते. शिकवणारं कोणी असेल तर घ्या. छोट्या स्टेपरची हायड्रॉलिक नळकांडी पंधरा-वीस मिनिटांत तापतात आणि जडपणा ढिला पडतो. म्हणून तो थोड्या थोड्या वेळासाठी ठीक, अर्धा तास सलग चालवण्यासाठी नाही.

दोरीच्या उड्या पुरेशा आहेत का?

ज्यांचे गुडघे, घोटे ठणठणीत आहेत आणि वजन आटोक्यात आहे, त्यांच्यासाठी पैशाच्या मानाने याहून चांगलं काही नाही. दोरीच्या मध्यावर उभं राहा, मुठी काखेपर्यंत याव्यात, ही तुमची लांबी. उडी दोन-तीन सेंटीमीटरचीच मारायची, चवड्यांवर. बूट घाला आणि फरशीवर रबरी मॅट टाका. सुरुवातीला तीस सेकंद उड्या, तीस सेकंद थांबा, अशी दहा मिनिटं पुरतात. खाली कोणी राहत असेल तर गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये जा.

फ्लॅट लहान आहे. किती जागा लागते?

सायकलीला दोन फूट बाय चार फूट पुरतात. ट्रेडमिलच्या मागे दीड-दोन मीटर मोकळे सोडा. पट्ट्यावरून पाय सुटला तर माणूस मागे फेकला जातो आणि मागे भिंत असेल तर पट्टा आणि भिंत यांच्यात अडकतो. पाठीमागे शोकेस तर नकोच.

छत आणि पंखा सगळे विसरतात. ट्रेडमिलचा पाट जमिनीपासून पंधरा-वीस सेंटीमीटर वर असतो, क्रॉस ट्रेनरचं पायडल त्याहूनही वर जातं. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या उंचीत ते मिळवा, वर आणखी फूटभर धरा आणि मग पंख्याचं पातं किती खाली आहे ते मोजा. पोटमाळ्याखाली यंत्र ठेवणार असाल तर हे आधी मोजाच.

खोकं लिफ्टमध्ये मावेल का तेही बघून घ्या. ट्रेडमिलचं खोकं पन्नास-साठ किलोंचं असतं आणि ते जिन्याने चौथ्या मजल्यावर न्यायचे हमाल वेगळे पैसे घेतात.

वीजबिल किती वाढेल? आणि वीज गेली तर?

घरगुती ट्रेडमिल चालण्याच्या वेगाला तासाला साधारण अर्धा ते पाऊण युनिट घेते. रोज चाळीस मिनिटं धरली तर महिन्याला दहा ते पंधरा युनिट. बिलाची फार काळजी नको, प्लगची करा. ट्रेडमिल भिंतीवरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डला नाही. गावाकडे व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझरचा खर्चही धरा. भारनियमन असलेल्या ठिकाणी मी ट्रेडमिल सुचवतच नाही. चालता चालता पट्टा थांबला तर तोल जातो. साध्या चुंबकी सायकलीला वीज लागतच नाही, पडद्यापुरते दोन सेल बास.

ऑनलाइन घ्यावं की दुकानातून? वॉरंटीत काय बघायचं?

दुकानात बसून बघा, मग कुठूनही घ्या. “मोटरला पाच वर्षं” ही ओळ ठळक असते, पण आधी जळते ती बहुधा कंट्रोलरची पाटी, आणि तिला वर्षच असतं. तीन प्रश्न लेखी विचारा. पाटीला आणि पट्ट्याला किती वर्षं? माणूस घरी येणार का, त्याचे पैसे किती? माझ्या पिनकोडला तुमचा कारागीर आहे का? लातूर-नांदेडकडे राहणाऱ्या ओळखीच्या लोकांना कारागिरासाठी दीड-दोन महिने थांबावं लागलेलं मी पाहिलं आहे. लहान गावात राहत असाल तर जवळच्या शहरातला दुकानदार दोन हजारांनी महाग असला तरी त्याच्याकडून घ्या.

मोठ्या शहरांत ट्रेडमिल आणि सायकल महिन्याच्या भाड्यानेही मिळते. मन ठरत नसेल तर दोन महिने भाड्याने घेऊन बघा.

वापरलेलं यंत्र घ्यावं का?

सायकल जरूर घ्या, निम्म्या किमतीत चांगली मिळते. तिच्यावर पाच मिनिटं बसून पायडल मारा, क्रँक हाताने हलवून डुगडुगतो का बघा, जडपणाची मूठ सगळ्या आकड्यांवर फरक दाखवते का बघा. ट्रेडमिल असेल तर वीस मिनिटं स्वतः चाला, नंतर झाकणाशी नाक नेऊन करपल्याचा वास येतो का बघा. पट्ट्याची खालची बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर पट्टा संपला आहे. बाल्कनीत ठेवलेलं यंत्र घेऊ नका. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत तर नक्कीच नको. बाहेरून पुसलेलं असतं, आत गंज असतो.

देखभाल काय करायची?

वापरून झालं की कोरड्या फडक्याने घाम पुसा. घामातल्या मिठाने नट-बोल्ट गंजतात. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट आवळा. ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली हात घालून बघा, कोरडं लागलं तर सिलिकॉन ऑइल घाला. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मागचा डावा बोल्ट पाव फेरा आवळा, उजवीकडे सरकत असेल तर उजवा. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नको. दर सहा महिन्यांनी प्लग काढून झाकण उघडा आणि आतली धूळ मऊ ब्रशने काढा. उंदरांनी वायरी कुरतडलेल्याही मी बऱ्याच वेळा बघितल्या आहेत, विशेषतः तळमजल्यावर.

पडद्यावर ३०० कॅलरी दाखवतो. खरं धरायचं?

नाही. साध्या यंत्राला तुमचं वय, वजन माहीतच नसतं, तो आकडा बहुतेक वेळा फुगलेला असतो. मिनिटं मोजा. मुठीवरच्या सेन्सरचे ठोकेही कच्चेच समजा. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा.

घाम काढायचा पट्टा, कंपन देणारी पाटी याने वजन उतरतं का?

त्याने दम लागत नाही, म्हणजे तो कार्डिओ नाही. घाम काढून कमी झालेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं. ते पैसे दोरीत आणि बुटांत घाला.

घरात लहान मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

ट्रेडमिलची लाल सुरक्षा-किल्ली वापर झाल्यावर काढून वरच्या कपाटात ठेवा, प्लगही काढा. मूल खोलीत असताना पट्टा चालवू नका. मागच्या रोळाखाली बोटं ओढली जातात आणि पट्ट्याच्या घर्षणाने कातडी भाजते. चालवताना किल्लीची दोरी कपड्याला अडकवून ठेवा, पडलात तर पट्टा तिथेच थांबेल. सायकल घेताना चाकावर आणि साखळीवर पूर्ण आवरण आहे ना ते बघा.

आधी डॉक्टरांना विचारायला हवं का?

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असेल किंवा वर्षानुवर्षं काहीच व्यायाम झाला नसेल तर हो, आणि यंत्र मागवायच्या आधी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर खाली जाऊ शकते, खडीसाखर हाताशी ठेवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दरदरून घाम, चक्कर, यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा, घरातल्या कोणाला हाक मारा आणि १०८ ला फोन लावा. घरी एकटे असाल तर यंत्रावर चढताना मोबाइल खिशात ठेवा आणि दाराची कडी काढून ठेवा.